एकतीस वेळा पास

फाटलेली चादर मावशींच्या टेबलावर पडली की आधी फाडणाऱ्याचा उद्धार व्हायचा आणि मग चादरीची दुरुस्ती, हा त्या धुलाईघराचा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता. मोठ्या रुग्णालयाचं धुलाईघर ते. वरच्या आठ मजल्यांवर माणसं झोपून असायची आणि त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले सगळं तळघरात उतरायचं. एकतीस माणसं ते धुवायची, वाळवायची, इस्त्री करायची. बत्तिसाव्या मावशी. त्या शिवायच्या.

तळघरात एकच खिडकी होती आणि तिच्याखालची जागा मावशींची. तिथे शिवणाची तीन मशीनं. त्यातलं एक चालायचं, दुसऱ्याचे सुटे भाग पहिल्याला लागायचे आणि तिसऱ्यावर मावशींचा डबा असायचा. शिवणापेक्षा महत्त्वाचं काम म्हणजे खुणा घालणं. प्रत्येक विभागाच्या कापडाच्या कोपऱ्यात मावशी रंगीत दोऱ्याचे टाके घालत. लाल म्हणजे शस्त्रक्रियेचं, निळा बाळंतिणींचा, पिवळा लहान मुलांचा, हिरवा बाकी सगळ्यांचा. वाफेने चष्मे धुरकटतात, छापील पट्टी दोन धुण्यांत कोरी होते, टाका मात्र टिकतो. लाल टाक्याची चादर बाळंतिणीकडे गेली असं एकवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. ‘मावशींचा टाका चुकत नाही’ हे तिथलं ब्रह्मवाक्य होतं.

आता अशा सुरळीत चाललेल्या ठिकाणी प्रशिक्षण आलं.

आलं म्हणजे काय, मुख्य कचेरीतून एक संगणक आला आणि एक यादी आली. संगणकात ‘सुरक्षित धुलाई’ नावाचा कोर्स होता. अकरा धडे आणि शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा. धुणाऱ्यांची वेगळी, इस्त्रीवाल्यांची वेगळी, बॉयलरवाल्यांची वेगळी. यादीत एकतीस नावं होती. शिवणाची परीक्षा कुणी काढलीच नव्हती, म्हणून मावशींचं नावही नव्हतं. पण संगणकाला प्लग हवा, आणि तळघरात मोकळा प्लग एकच, तो मावशींच्या खिडकीखाली. झालं! मावशींचा डबा तिसऱ्या मशीनवरून उतरला आणि तिथे संगणक बसला.

“माझ्या डब्याला घराबाहेर काढलंत, पण मला विचारलं कुणी?” मावशी म्हणाल्या.

“दोन महिन्यांचा प्रश्न आहे हो मावशी,” साहेब म्हणाले.

धुलाईघराचे हे साहेब मनाने वाईट नव्हते, पण त्यांना टक्क्यांचं वेड होतं. किती टक्के चादरी वेळेवर, किती टक्के साबण वाचला, किती टक्के माणसं उशिरा. पोराचं लग्न ठरलं तेव्हा “सत्तर टक्के जमलंय” असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे. माणसं त्यांना पाठीमागे टक्केसाहेब म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. हजेरीच्या यंत्राशेजारी त्यांनी एक पांढरा फळा लावला आणि त्यावर मोठ्ठं लिहिलं: शिकणारे, ०%.

माणसांना शिकायला लावायचं म्हणून साहेबांनी काय काय नाही केलं! ‘शिका आणि पुढे जा’ असं पोस्टर लावलं. पोस्टरच्या खिळ्यावर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी ओला कोट टांगला. शिकणाऱ्याला चहा आणि बिस्किटं जाहीर केली; एकतीसच्या एकतीस आले, बिस्किटं खाल्ली, संगणकाकडे देवळाबाहेरून नमस्कार केल्यासारखं बघितलं आणि गेले. मग ‘या आठवड्याचा विद्यार्थी’ म्हणून बॉयलरवाल्या दादांचा फोटो फळ्यावर लावला. दादा पन्नाशीचे, मिशीवाले. त्यांना येता-जाता सगळे “गृहपाठ झाला का?” विचारायला लागले, तेव्हा दादांनी दोन दिवस रजा टाकली आणि परत आल्यावर पहिल्यांदा फळ्यावरचा स्वतःचा फोटो काढून टाकला. शेवटी साहेब ओरडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. फळ्यावरचं शून्य हलेना.

आणि माणसांचंही काय चुकलं म्हणा? मशीन चालू असताना सोडायचं नाही हा नियम, आणि मशीन बंद असतं ते फक्त जेवणाच्या सुट्टीत. जेवणाच्या सुट्टीत कोण शिकतं?

कोंडी फोडली ती ढोल्याने. ढोल्या म्हणजे मोठ्या धुलाईयंत्रावरचा माणूस. यंत्राच्या ढोलावरून त्याचं नाव पडलं होतं, पण दोघांचा आकार बघता नक्की कुणाचं नाव कुणाला पडलं हा वादाचा मुद्दा होता. तो एका सकाळी मावशींपाशी येऊन घुटमळला.

“मावशी, तुम्ही इथे बसलेल्याच असता.”

“मग काय उभ्याने शिवू?”

“तसं नाही. माझं नाव टाकून उघडून ठेवतो. ती बाई बोलत राहील. ती थांबली की तेवढं ‘पुढे’चं बटण दाबा. माझं यंत्र सुरू आहे हो.”

मावशींनी त्याला बरंच सुनावलं, आळशी म्हटलं, ऐतखाऊ म्हटलं, आणि बटण दाबलं.

पडद्यावर पिवळं हेल्मेट घातलेली एक चित्रातली बाई आली. ढोल्याचं पूर्ण नाव घेऊन तिने स्वागत केलं आणि बोलायला लागली. घाण कापडाच्या पिशवीत काय काय असू शकतं. सुई राहिलेली असते. ब्लेड असतं. पिशवी छातीशी कवटाळू नये, खालून दाबू नये, गळ्याला धरून अंगापासून लांब न्यावी. मावशींचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. एकवीस वर्षं ह्या पिशव्यांच्या शेजारी बसल्या होत्या, पण असं कुणी सांगितलंच नव्हतं.

“ए ढोल्या!” त्या तिथूनच ओरडल्या. “ती पिशवी काय बाळ आहे का? छातीशी कशाला धरलीस? गळ्याला धर!”

त्या दिवसापासून मावशींना नादच लागला. खरं सांगायचं तर मावशींची शाळा नववीत सुटली होती. घरात पाठची तीन भावंडं होती, आई आजारी होती, कुणीतरी घरी राहायला हवं होतं, आणि ‘कुणीतरी’ म्हणजे थोरली मुलगी. त्याचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. पण ढोल्याची परीक्षा त्यांनी दिली आणि पडद्यावर ‘अभिनंदन! दहापैकी दहा!’ आलं, तेव्हा त्या इकडे तिकडे बघून एकट्याच हसल्या.

मग काय, धुलाईघरात बातमी पसरायला किती वेळ? इस्त्रीकाका आले. हे सगळ्यांत ज्येष्ठ, मितभाषी, आणि मोठ्या इस्त्रीच्या रुळापाशी उभं राहून राहून चेहराही सुरकुती नसलेला. “जमलं तर माझंही बघा,” एवढंच म्हणाले. बॉयलरवाले दादा आले. मग रांगच लागली. मावशी एका हाताने शिवायच्या, दुसऱ्या हाताने बटण दाबायच्या. एकतीस जणांचे अकरा-अकरा धडे. धडे तेच, पण दर वेळी त्या मन लावून ऐकायच्या. दहाव्या वेळी तर हेल्मेटवाल्या बाईच्या आधी पुढचं वाक्य म्हणायच्या आणि ती अडखळत नाही याचा त्यांना थोडा राग यायचा.

घरी मावशींच्या यजमानांचे हाल सुरू झाले. ते सामानाची गाडी चालवून निवृत्त झालेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते बादली उचलायला वाकले की मावशी ओरडायच्या, “कंबर नाही, गुडघे वाकवा! तिसरा धडा!”

“अगं, गुडघेच तर राहिले नाहीत!”

“मग बादली अर्धीच भरा. चौथा धडा.”

एका रविवारी त्यांनी घरातून बाहेर पडायचे मार्ग मोजले. एकच निघाला. यजमान म्हणाले, “तीस वर्षं शोधतोय मी दुसरा.”

दोन महिने संपायच्या आत फळ्यावर साहेबांनी लिहिलं: शिकणारे, १००%. शंभराखाली दोन रेघा ओढल्या. साहेबांना सगळं ठाऊक होतं का? मावशींच्या खिडकीसमोरच तर त्यांची काचेची खोली. पण शंभर हा आकडाच असा आहे, त्याच्याकडे बघताना बाकीचं दिसत नाही.

आणि त्याच आठवड्यात मावशींना पत्र आलं.

पत्र साधं होतं. फाटलेल्या चादरी शिवण्यापेक्षा यापुढे नव्या घेतल्या जातील. खुणाही कारखान्यातूनच छापून येतील. त्यामुळे शिवण-दुरुस्तीचं पद महिनाअखेरीस बंद होत आहे. खाली एक ओळ होती: ‘सदर कर्मचाऱ्याकडे सुरक्षित धुलाईचे प्रमाणपत्र असल्यास अन्य विभागात सामावून घेण्यात येईल.’

मावशींनी ती ओळ दोनदा वाचली आणि निश्चिंत होऊन साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, माझं नाव टाका यादीत. दुपारपर्यंत परीक्षा देते.”

साहेबांनी संगणक उघडला, बराच वेळ खुडबुड केली आणि चेहरा पाडून म्हणाले, “मावशी, तुमचं पद यादीत नाही. पद नाही म्हणून नाव घेत नाही. नाव नाही म्हणून कोर्स उघडत नाही.”

“आणि कोर्स नाही म्हणून पद जातं.”

“हो. म्हणजे... तसं म्हटलं तर.”

“वा रे वा! एकतीस जणांना पास करणारी नापास!”

“हळू बोला हो!” साहेब घाबरून दाराकडे बघत म्हणाले. म्हणजे त्यांना ठाऊक होतंच.

घरी यजमान म्हणाले, “बरं झालं. अडीच वर्षंच राहिली होती. आता बस निवांत.” मावशींनी उत्तर दिलं नाही. एरवी त्या बोलल्या नाहीत असं व्हायचं नाही, म्हणून यजमानांनी पेपर खाली ठेवून बघितलं, तर मावशी रडत होत्या. “मला घरी बसायची भीती नाही वाटत हो,” त्या म्हणाल्या, “पण आधी शाळेतून काढलं ते घरात गरज होती म्हणून. आता कामावरून काढतायत ते गरज नाही म्हणून. मला एकदा तरी कुणी विचाराल की नाही, की बाई, तुला काय येतं?” यजमान उठले, दुखऱ्या गुडघ्यांनी चहा करून घेऊन आले, आणि बादली अर्धीच भरली.

दोनच दिवसांनी साहेब धावत मावशींच्या खिडकीखाली आले. मुख्य कचेरीच्या प्रशिक्षण विभागाच्या मॅडम सोमवारी येणार होत्या. सगळ्या संस्थेत शंभर टक्के फक्त ह्या धुलाईघराचे होते. ते कसं साधलं हे बघायला, आणि कौतुक म्हणून कर्मचाऱ्यांना चार प्रश्न विचारायला.

“कौतुक म्हणून?” मावशी म्हणाल्या. “अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ह्यांनी एक धडा ऐकलेला नाही!”

“चार दिवस आहेत. तुम्ही शिकवा. मी मॅडमना तुमच्या नावाचं विचारतो. शब्द देतो.”

मावशींना तेवढा शब्द पुरला.

त्यांनी तीन दिवस शिकवायचा प्रयत्न केला. पण घाई असली की मावशींचा आवाज चढायचा, आणि आवाज चढला की समोरच्याचं डोकं बंद. ढोल्या तर “पहिला पर्याय की दुसरा?” विचारलं की “मधला” म्हणायचा. शुक्रवारी मावशींनी हात टेकले. मग त्यांची नजर रंगीत दोऱ्यांच्या डबीवर गेली.

परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते, आणि मॅडम विचारणार ते त्याच परीक्षेतले प्रश्न. पहिला पर्याय लाल, दुसरा निळा, तिसरा पिवळा, चौथा हिरवा. मावशींनी एकतीस एप्रन गोळा केले आणि प्रत्येकाच्या खालच्या दुमडीला, आतून, दहा बारीक टाके घातले. पहिला टाका पहिल्या प्रश्नाचा, दुसरा दुसऱ्याचा. धुणाऱ्यांना धुण्याची उत्तरं, बॉयलरवाल्यांना बॉयलरची. एप्रनचं टोक उलटायचं, रंग बघायचा, आकडा सांगायचा. ढोल्यालासुद्धा कळलं.

“मावशी, तुम्ही पंतप्रधान व्हायला हव्या होतात,” तो म्हणाला.

“आधी तू पास हो.”

शनिवारी एकतीस जण आपापले एप्रन घालून खूश. आणि इथेच माती खाल्ली. संध्याकाळी ढोल्याच्या मनात आलं, मॅडम येणार, एप्रन कसे झक्क दिसायला हवेत. धुणारा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? त्याने सगळ्यांचे एप्रन उतरवून घेतले, एकाच ढोलात घातले, दुप्पट साबण टाकला, इस्त्रीकाकांनी एकसारख्या घड्या घातल्या, आणि सोमवारी सकाळी ढिगातून वरचा-वरचा उचलून ज्याने त्याने अंगात घातला. आठ मजल्यांच्या चादरींवर खुणा होत्या. धुलाईघराच्या स्वतःच्या एप्रनवर कुणाचा कुठला याची खूण आजवर कुणीच घातली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मॅडम आल्या. चाळिशीच्या, कापलेले केस, हातात कागद अडकवलेली पाटी. फळ्यावरच्या शंभराकडे बघून प्रसन्न हसल्या. साहेब त्यांच्या मागे हात चोळत. एकतीस जण शुभ्र एप्रनमध्ये ओळीने उभे. मावशी खिडकीखाली, खाली मान घालून शिवत होत्या, कारण त्या यादीत नव्हत्या.

“कुणाला विचारू?” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मिशी बघून बॉयलरवाल्या दादांना निवडलं. “तिसरा प्रश्न. बॉयलरमधल्या वाफेचा दाब लाल रेघेच्या वर गेला, तर प्रथम काय कराल? एक, इंधन बंद करेन. दोन, खिडकी उघडेन. तीन, साहेबांची वाट बघेन. चार, बॉयलरवर गार पाणी ओतेन.”

दादांनी बावीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. त्याच्या आवाजावरून ते दाब ओळखायचे. त्यांच्या ओठावर उत्तर आलं होतं. पण त्यांनी एप्रनचं टोक उलटलं, तिसरा टाका बघितला, आणि दचकले. हिरवा. परत बघितला. हिरवाच. दादांना घाम फुटला. मनात म्हणाले, हे तर मरणाचं काम! पण मावशींचा टाका चुकत नाही. नवीन शास्त्र निघालं असेल.

“गार पाणी ओतेन,” दादा म्हणाले.

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. “काय?”

“ओतेन म्हणजे... भरपूर ओतेन.”

साहेबांनी डोळे मिटले. मॅडम घाईने इस्त्रीकाकांकडे वळल्या. “तुम्ही सांगा. पहिला प्रश्न. इस्त्रीच्या रुळात बाही अडकली तर? एक, ओढून काढेन. दोन, लाल बटण दाबेन...”

काकांनी टोक उलटलं. “एक,” ते शांतपणे म्हणाले. “ओढेन.”

“आणि हातही गेला तर?”

काकांनी पुन्हा टाक्याकडे बघितलं. “तरी एकच दिसतोय.”

आता मावशींना राहवेना. आपण गप्प बसलो तर साहेब मॅडमशी बोलतील, मॅडम नाव घालतील, पत्र रद्द होईल, हे सगळं त्यांना कळत होतं. तोंड उघडलं की सगळं संपलं हेही कळत होतं. पण उद्या हा वेडा खरंच बॉयलरवर पाणी ओतायचा, माझ्या टाक्याच्या भरवशावर! मावशी ताडकन उठल्या. कात्री खाली पडली.

“अहो दादा, काय डोकं फिरलंय का तुमचं? गरम बॉयलरवर गार पाणी? आठ मजले वर उडतील! बावीस वर्षं काय हजामत केलीत तिथे?”

“मावशी, तुम्हीच हिरवा घातलाय!” दादा कळवळून म्हणाले.

“तो तुमचा एप्रनच नाही! धुतलेत ना रे हे, ढोल्या?”

ढोल्याने मान खाली घातली. “दुप्पट साबण टाकून,” तो म्हणाला.

मॅडम पुढे आल्या, दादांच्या एप्रनचं टोक त्यांनी उलटलं आणि दहा रंगीत टाके बघितले. मग मावशींकडे वळल्या.

“आपण कोण?”

“मी यादीत नाही.”

“ते कळलं. पण हे काय आहे?”

मावशींनी सांगून टाकलं. काही लपवलं नाही. “ह्यांना बोल लावू नका. एकतीसच्या एकतीस परीक्षा मी दिल्यात. बटण मीच दाबलं. पहिल्यांदा ह्या ढोल्याची दया आली म्हणून. मग खरं सांगते, मला आवडायला लागलं म्हणून.”

“मॅडम, आम्हीच सांगितलं त्यांना,” इस्त्रीकाका म्हणाले. ते आपणहून बोलले याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

“आणि कोर्स आम्ही केला नाही हे खरं,” ढोल्या म्हणाला, “पण मावशी दिवसभर त्यातलंच ओरडत असतात. पिशवी गळ्याला धर, पिशवी गळ्याला धर. मागच्या महिन्यात पिशवीतून एवढी मोठी सुई बाहेर आली. छातीशी धरली असती तर इथे घुसली असती.” त्याने बोटाने छातीवर जागा दाखवली.

मॅडमनी दादांना एप्रन काढायला लावला. “आता बघायला काही नाही. सांगा, दाब वाढला तर?”

एप्रन उतरला तशी दादांची जीभ सुटली. इंधन कसं तोडायचं, झडप कुठल्या आवाजाला उघडते, कुणाला आधी बाहेर काढायचं, पाच मिनिटं थांबेचनात. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्या फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“ही एकतीस प्रमाणपत्रं मला रद्द करावी लागतील,” त्या म्हणाल्या. “सगळी. आज.”

साहेब मागे सरकले आणि मळक्या चादरींच्या पिशवीवर मटकन बसले. “सुई असेल हो त्यात!” मावशी ओरडल्या. साहेब उडून उभे राहिले.

“कोर्स पुन्हा सुरू होईल,” मॅडम म्हणाल्या. “पण जेवणाच्या सुट्टीत नाही, कामाच्या वेळात, पाळीपाळीने, यंत्रावर बदली माणूस देऊन. ते आम्हीच आधी करायला हवं होतं. आणि ह्या बाईंना सगळ्यात आधी बसवा.”

“त्यांचं पद यादीत नाही,” साहेब पुटपुटले. “शिवण महिनाअखेर बंद होतंय. पत्र गेलंय.”

मॅडमनी पत्र मागितलं. मावशींनी ते शिवणाच्या डबीतून काढलं. मॅडमनी खालची ओळ वाचली, संगणकासमोर जाऊन बसल्या आणि स्वतःच्या पासवर्डने यादी उघडली. “पद ‘धुलाई’ टाकते. परीक्षा कुठली द्याल? धुलाई, इस्त्री, बॉयलर?”

“कुठलीही द्या. तिन्ही पाठ आहेत.”

मावशी बसल्या. मागे एकतीस जण कोंडाळं करून उभे. हेल्मेटवाली बाई आली. तिने नेहमीसारखे हात जोडले आणि एक नाव घेतलं, आडनावासकट पूर्ण नाव, आणि म्हणाली, आपलं स्वागत आहे.

“ही कोण नवीन?” ढोल्याने विचारलं.

कुणालाच कळलं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकवीस वर्षांत ते नाव त्या तळघरात कुणी घेतलं नव्हतं.

“मी,” मावशी म्हणाल्या.

मग मॅडमनी थेट परीक्षा उघडली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांचं चुकलं. मागून दादांनी “अहो, दोन, दोन!” म्हटलं, तर मावशी मागे न बघता गरजल्या, “खबरदार कुणी सांगितलंत तर!” पुढची नऊ बरोबर आली. पडद्यावर अभिनंदन आलं, आणि मावशींनी डोळे पुसायला हाताला येईल ते कापड घेतलं, ते बाळंतिणींचं निघालं.

साहेबांनी फळा पुसला. बत्तीस माणसांत एक पास, त्यांनी खिशातल्या यंत्रावर हिशेब केला आणि शंभर होतं तिथे लिहिलं: शिकणारे, ३%. दोन पावलं मागे सरकून बघितलं. मग कुणी सांगितलं नसताना तिनाखाली दोन रेघा ओढल्या.

“म्हणजे पत्राच्या नियमाने,” इस्त्रीकाका हळूच म्हणाले, “आज इथे एकाच माणसाची नोकरी पक्की आहे.”

मावशी खुर्चीवरून उठल्या. त्यांनी ढोल्याचा दंड धरून त्याला तिथे बसवलं आणि त्याचा हात बटणावर ठेवला. सवयीने त्यांचाही हात पुढे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला.

“वाच,” त्या म्हणाल्या. “मोठ्याने. आणि समजलं नाही तर विचार मला.”